वाचकांचे प्रश्न: मोहोर, रजा आणि नोंदवही

या अंकासाठी गोव्यातून आलेली पत्रे बहुतेक पीक संशोधन संस्था, रोपवाटिका आणि प्रक्षेत्रावर काम करणाऱ्यांची आहेत. विषय वरवर वेगवेगळे दिसतात, पण बऱ्याच पत्रांत प्रश्न एकच आहे: झाड थांबत नाही, मग माणसाची सोय कशी लावायची? काही पत्रे थोडक्यात दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: मी एका पीक संशोधन संस्थेत फळबाग विभागात शास्त्रज्ञ आहे. काजूच्या आठ वाणांची चाचणी माझ्याकडे आहे. जानेवारीच्या मध्यास बाळंतपणाची तारीख आहे. काजूचा मोहोर नोव्हेंबरपासून आणि बी मेपर्यंत, म्हणजे सगळा हंगाम हातचा जाणार. वरिष्ठ म्हणतात, यंदाच्या नोंदी सोडून द्या. तसे करावे का? (तिसवाडी)

सोडू नका. भाजीचे एक पीक हुकले तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. काजूचे उत्पन्न मात्र सलग काही वर्षांच्या बेरजेवर तोलतात, आणि एखादे झाड एका वर्षी भरभरून देते, पुढच्या वर्षी हात आखडते. मधले वर्ष कोरे राहिले तर वाणाचा फरक कोणता आणि हवामानाचा कोणता, हे नंतर सांगता येत नाही.

आधी रजेचे. केंद्र सरकारच्या नियमांखाली येणाऱ्या संस्थेत, हयात मुले दोनपेक्षा कमी असतील तर प्रसूती रजा 180 दिवस. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून घेतलीत तर जूनअखेर परत याल. त्यापुढे बालसंगोपन रजा आहे: पूर्ण नोकरीत 730 दिवस, मूल 18 वर्षांचे होईपर्यंत, वर्षात जास्तीत जास्त तीन वेळा आणि एका वेळी किमान पाच दिवस. पहिल्या 365 दिवसांना पूर्ण पगार, नंतरच्या 365 दिवसांना 80 टक्के. ही रजा सगळी एका दमात संपवू नका. मुलाच्या आजारपणात आणि दहावी-बारावीला तिची किंमत कळते.

आता चाचणीचे. आठ वाण, तीन पुनरावृत्त्या (म्हणजे आठही वाण पुन्हा लावलेले तीन गट) आणि दर वाफ्यात चार झाडे धरली तर 96 झाडे होतात. तुमच्या जागी कोण येणार हा अर्धाच प्रश्न. तो माणूस तुमच्याच पद्धतीने मोजणार का, हा खरा प्रश्न. दोन ठिकाणी हमखास घोळ होतो.

एक म्हणजे ढेकण्या या किडीचे, जिला सगळे टी मॉस्किटोच म्हणतात, तिच्या डागांचे गुणांकन. एका झाडाच्या चार बाजूंना प्रत्येकी 13, अशा 52 शेंडा-फांद्या बघायच्या आणि 0 ते 4 गुण द्यायचे. डाग नसला तर 0, तीनपर्यंत डाग असले तर 1, चार ते सहा असले तर 2, सहाहून जास्त असले तर 3, आणि फांदी पूर्ण वाळली तर 4. वाफ्यातली दोनच झाडे घेतलीत तरी एका फेरीत अडीच हजार फांद्या होतात. एकमेकांत मिसळलेले दोन डाग कोणी एक मोजतो, कोणी दोन. म्हणून रजेआधी दोन आठवडे तुम्ही आणि बदली सहकारी यांनी त्याच दहा झाडांना स्वतंत्रपणे गुण द्यायचे, मग आकडे शेजारी ठेवून फरक कुठे पडतो ते पाहायचे. तीन-चार दिवसांत नजर जुळते. गुणागणिक एकेका फांदीचा फोटो छापून नोंदवहीच्या पुठ्ठ्याला चिकटवा.

दुसरा घोळ बियांच्या वजनाचा. तुम्ही दोन-तीन दिवस उन्हात वाळवून, ओलावा 8 ते 9 टक्क्यांवर आल्यावर वजन घेत असाल आणि बदली माणूस संध्याकाळी घाईने ओलीच बी तोलत असेल, तर उत्पन्न अचानक वाढल्यासारखे दिसेल. वहीत 'ओले' आणि 'वाळलेले' असे दोन वेगळे रकाने आखून द्या.

हंगामात दोन निरीक्षक वापरावेच लागले, तर काम पुनरावृत्तीप्रमाणे वाटा, वाणाप्रमाणे कधीच नाही. पहिला गट एकाकडे, दुसरा-तिसरा दुसऱ्याकडे. मग दोघांच्या हातातला फरक गटांच्या फरकात मुरतो. पहिले चार वाण एकाने आणि उरलेले चार दुसऱ्याने मोजले, तर वाणांची तुलना करता करता तुम्ही माणसांचीच तुलना करून बसाल आणि कोणतेही गणित ते सोडवू शकणार नाही.

आपल्याकडची एक खास अडचण फेणीची. फेणीसाठी गळलेले बोंडू (काजूची फळे) गोळा करणारे पहाटेच भाटात (बागेत) शिरतात, आणि बी पिळून वेगळी होईपर्यंत कुठल्या झाडाची कुठली हे कळेनासे होते. चाचणीच्या झाडांखाली आधी तुमची माणसे, मग बोंडूवाले, हे करारातच लिहा. जांभ्याच्या उतारावर बी घरंगळते, म्हणून झाडाभोवती मातीची बुटकी मेर घाला. झाडागणिक वेगळी पिशवी ठेवा आणि तिच्यात झाडाचा क्रमांक अल्युमिनियमच्या पट्टीवर कोरून टाका. कागदी चिठ्ठी बोंडूच्या रसात विरघळते.

उरले कार्यालय. बदली सहकाऱ्याच्या नावाने प्रभारी म्हणून लेखी आदेश काढून घ्या, मजुरीच्या बिलांवर सही करण्याचा अधिकार त्यात स्पष्ट लिहून. तो नसला की मार्चअखेरीस मजुरी अडकते आणि बायका दुसऱ्या भाटात कामाला जातात. शोधनिबंधावर नावे कोणत्या क्रमाने येतील, तेही आताच कागदावर घ्या. आणि रजेत 'एवढी एक्सेल फाइल बघून द्या' असे फोन येतील. घेऊ नका. वही नीट असेल तर फोनची गरज नाही, आणि नीट नसेल तर फोनने ती सुधारत नाही.

प्रश्न: मी करारावर संशोधन सहायक आहे. प्रकल्प मार्चमध्ये संपतो आणि माझी प्रसूती फेब्रुवारीत आहे. करार संपला की रजाही संपते, असे कार्यालयाने सांगितले. (फोंडा)

कार्यालयाची समजूत चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये कविता यादव यांच्या खटल्यात स्पष्ट केले की, लाभाच्या अटी पूर्ण होत असतील तर कराराची मुदत संपल्यानंतरही मातृत्व लाभ द्यावाच लागतो. मुख्य अट अशी की, अपेक्षित तारखेच्या आधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेले हवे. लाभ 26 आठवड्यांचा असून त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. अर्ज लेखी द्या, निकालाचा उल्लेख करा आणि पोचपावती घ्या. हजेरीपटाच्या प्रती आताच स्वतःजवळ ठेवा, कारण प्रकल्प बंद झाला की कागद कपाटात जातात आणि कपाटाची किल्ली हरवते.

रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ आहे. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील महिला कामगारांच्या खटल्यात तो निकाल 2000 साली लागला, आणि तारीख योगायोगाने 8 मार्च होती.

प्रश्न: आमच्या रोपवाटिकेत बारा बायका काजूची कलमे बांधतात. पावसाळ्यात शंभरातली चाळीस-पंचेचाळीस कलमे मरतात. बायका लक्ष देत नाहीत, असे वरून ऐकावे लागते. त्यांना शिकवू काय? (सत्तरी)

शिकवण्याआधी मोजा. प्रत्येक कलमाला दोन खुणा हव्यात: कलमकाडी (रोपावर जोडायची फांदी) कोणत्या झाडाची आणि कोणत्या दिवशी कापली, आणि कलम कोणी बांधले. रंगीत दोऱ्याने भागते. बाराही जणींची कलमे एकाच लॉटमध्ये मेली असतील तर दोष काडीचा. एकीचीच सगळ्या लॉटमध्ये मेली असतील तर तिच्या हाताचा, किंवा तिच्या चाकूचा. हे न मोजता बायकांवर खापर फोडणे सोपे आहे, म्हणून तेच होते.

आता क्रमाने तपासा. बी मध्यम आकाराचे, 7 ते 8 ग्रॅमचे आणि पाण्यात बुडणारे घ्यावे. रात्रभर भिजवून, देठाकडची बाजू वर ठेवून, 25 बाय 15 सेंटिमीटरच्या भोकाच्या पिशवीत लावावे. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचे ते रोप, 40 ते 60 दिवसांचा असावा. त्यापुढे खोड कठीण होते आणि चीर सरळ जात नाही.

मरतुकीचे मूळ बहुतेक वेळा कलमकाडीत असते. काडी मोहोर न आलेल्या फांदीची, तीन ते पाच महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड आणि 10 ते 12 सेंटिमीटर लांब हवी. कापण्याच्या 7 ते 10 दिवस आधी झाडावरच तिच्या पानांची पाती छाटायची आणि देठ तेवढे ठेवायचे. हात लावताच देठ गळू लागले आणि टोकाचा डोळा फुगला, पण फुटला नाही, की काडी तयार झाली. पावसाच्या घाईत ही पाने छाटण्याची फेरीच गाळली जाते. मग न फुगलेला डोळा आठवडाभर हिरवा राहतो आणि नंतर काळा पडतो. कापलेल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या तर तीन दिवस टिकतात. जीपच्या टपावर उन्हात आणल्या तर एक दिवसही नाही.

बांधताना खुंट 15 सेंटिमीटरवर छाटा, खालच्या पानांच्या दोन जोड्या ठेवा आणि मधोमध 4 ते 5 सेंटिमीटरची चीर द्या. काडीची पाचर तेवढीच लांब, आणि दोन्ही बाजू एकेका कापात. दोन-तीनदा तासलेली पाचर खडबडीत होते, मध्ये हवा राहते आणि जोड सांधत नाही. जाडी सारखी नसेल तर साल किमान एका बाजूने तंतोतंत जुळवा, दोन्ही बाजूंनी अर्धवट नको. पट्टी खालून वर घट्ट गुंडाळा. वर आतून ओली केलेली अरुंद पारदर्शक पिशवी टोपीसारखी घाला, ज्या पिशवीत मुले पेप्सी खातात तशी. सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत फूट येते आणि टोपी त्याच सुमारास काढायची असते.

चवथीचा (गणेश चतुर्थीचा) हिशेब इथेच चुकतो. चवथीच्या तोंडावर घाईने हजारो कलमे बांधतात, मग आठ-दहा दिवस कोणी फिरकत नाही. टोप्या आत घामेजतात आणि कोवळी फूट कुजते. चवथीच्या चार आठवडे आधी बांधणी थांबवा, म्हणजे टोप्या सणाआधी उतरतील.

मेलेले कलम बघूनही बरेच कळते. आठ दिवसांत काडी काळी पडली तर काडी कच्ची होती किंवा बुरशी लागली. टोपी काढताच फूट सुकली तर एकदम ऊन लागले. जोड धरला पण वरचा डोळा फुटत नाही आणि खालून खुंट मात्र जोमाने फुटतो, तर खुंटाचे फुटवे कोणी खुडलेले नाहीत. ते काम आठवड्याला एकदा करावे लागते. विकण्याआधी पट्टी सोडायला विसरलात, तर वर्षभरात जोडाजवळ खोड आवळून वाऱ्याने मोडते.

आता बायकांकडे वळा. ओल्या जमिनीवर उकिडवे बसून दिवसभर बांधत असतील तर दुपारनंतर हात थरथरतो, आणि मोजाल तर दुपारची कलमे जास्त मेलेली आढळतील. कमरेच्या उंचीचे मेज आणि स्टूल द्या. पाते बोथट झाले की बदला, ते वाचवण्यात काटकसर नाही. पात्याला काजूचा चीक बसतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसत राहावा. हातमोजे 'फ्री साइज' आणू नका. बायकांच्या हाताला ते सैल होतात, बोट घसरते आणि पाते अंगठ्यात जाते.

नगावर मजुरी देत असाल तर ती बंद करून रोजंदारीने द्या. नगावर दिली की पाचर एका कापात येवो न येवो, कलम बांधलेच जाते.

प्रश्न: फवारणीच्या पाळीतून गरोदर बाईला वगळले तर तिच्यावर अन्याय होतो का? (पेडणे)

मजुरी कापलीत तर होतो. त्याच मजुरीवर पिशव्या भरणे, नोंदी करणे असे दुसरे काम दिले तर नाही. पण या नियमात एक छिद्र आहे. गरोदरपणाचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात आणि तेव्हा तिने कोणाला सांगितलेलेही नसते, कधी तिलाच ठाऊक नसते. कोण गरोदर आहे हे विचारत बसण्यापेक्षा नियम सगळ्यांना सारखे कडक ठेवा.

औषध मिसळणे हे फवारण्यापेक्षा जास्त धोक्याचे, कारण तिथे ते पातळ केलेले नसते. डब्यावरचा त्रिकोण पाहा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल-पिवळे डबे प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी उघडू नयेत. काजूच्या मोहोरावर फवारायचेच असेल तर सकाळी नको, तेव्हा मधमाश्या फुलांवर असतात. फवारलेल्या भागात पुन्हा केव्हा जायचे ते लेबलवर असते. तोवर तिथे फांद्या मोजायला कोणालाही पाठवू नका, विद्यार्थिनींना तर नाहीच. 16 लिटरचा पाठीवरचा पंप भरल्यावर वीस किलोंच्या वर जातो. तो अर्धा भरावा. आणि फवारणीचे कपडे घरी धुवायला नेऊ देऊ नका. ते जिच्या हातात पडतात ती बाई तुमच्या कोणत्याच यादीत नसते.

प्रश्न: प्रक्षेत्रावर बायकांसाठी शौचालय नाही. खर्च कोणत्या कामात दाखवावा? (केपे)

प्रक्षेत्र विकासाच्या कामात, कुंपण आणि विहिरीच्या रांगेत. जवळच नसेल तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मार्चच्या उन्हात त्याचे काय होते ते सांगायला नको. पाच मिनिटांच्या चालीवर असावे. आतून कडी, पाणी, झाकणाची बादली आणि खुंटी हवी. खुंटी बहुतेक विसरतात.

प्रश्न: प्रशिक्षणाला आलेल्या एका मुलीने शेतावरच्या कर्मचाऱ्याविरुद्ध लैंगिक छळाची तोंडी तक्रार केली आहे. ती संस्थेची कर्मचारी नाही आणि लिहून द्यायला कचरते. पुढे काय? (प्रशासन अधिकारी, बार्देश)

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कर्मचारी म्हणजे कायम, हंगामी, रोजंदार, कंत्राटदारामार्फत आलेली आणि प्रशिक्षणार्थीसुद्धा. जागा म्हणजे नुसते कार्यालय नव्हे. कामानिमित्त भेट दिलेला प्लॉट आणि संस्थेची गाडीही त्यात येते. ती लिहू शकत नसेल तर लिहून घेण्यास मदत करणे संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीवर बंधनकारक आहे.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत यावी. कारण पटले तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारीच्या सहा प्रती लागतात. सात कामकाजाच्या दिवसांत एक प्रत समोरच्याला जाते आणि त्याला उत्तरासाठी दहा कामकाजाचे दिवस मिळतात. चौकशी 90 दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत आणि संस्थेची कारवाई 60 दिवसांत. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतली. तुमच्याकडची बाहेरची सदस्य बदली होऊन गेली असेल तर आजच नवीन नेमा, नाहीतर सगळी चौकशी तिथेच लटकते. वकील चालत नाही. तडजोड तिने मागितली तरच, आणि पैशांवर नाही.

चौकशी चालू असताना तिने लेखी मागितले तर समिती तिच्या बदलीची किंवा तीन महिन्यांपर्यंतच्या रजेची शिफारस करू शकते. विद्यार्थिनी आणि संशोधक मुलींसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तिच्या कामाचे मूल्यमापन करू नये, असेही समिती सांगू शकते. प्रबंधाचा मार्गदर्शकच समोर असेल तेव्हा हे कलम मागून घ्या. ते आपोआप लागू होत नाही.

प्रश्न: काणकोणातल्या एका आजीकडून खोल या गावच्या मिरचीचे बी घेऊन निवड चाचणी लावायची आहे. बी कसे घ्यावे आणि तिचे नाव कुठे लागावे? (एमएस्सीची विद्यार्थिनी)

एकाच झाडाची ओंजळभर मिरची घेऊ नका. निरोगी, ठराविक ठेवणीची 40-50 झाडे निवडा आणि प्रत्येकाच्या दोन-दोन पिकलेल्या मिरच्या घ्या. मिरचीत परपरागीभवन बरेच होते. शेजारी संकरित मिरची असेल तर बी भेसळीचे असेल हे गृहीत धरा. प्रमाणित बियाण्यासाठी 200 मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी 400 मीटर अंतर लागते. परसात ते मिळत नाही, म्हणून निवडक झाडांच्या कळ्या उमलण्यापूर्वी पातळ कापडाची पिशवी बांधा आणि फळ धरल्यावर सोडा.

बी सावलीत वाळवा. ओलावा 8 टक्क्यांवर आणा, आणि हवाबंद बरणीत ठेवायचे असेल तर 6 वर. आपल्याकडच्या जूनच्या हवेत कागदी पाकिटातले बी चवथीपर्यंत उगवण गमावते. बरणीत सिलिका जेल टाका आणि ती गुलाबी झाली की तव्यावर तापवून परत निळी करा.

नाव पहिल्याच दिवशी लावायचे, संकलन-पत्रिकेत: दात्याचे पूर्ण नाव, गाव, वाडा, स्थानिक नाव आणि बी तिच्याकडे किती पिढ्यांपासून आहे ते. बहुतेक पत्रिकांत शेतकरी म्हणून नवऱ्याचे किंवा मुलाचे नाव असते, कारण जमिनीचा उतारा त्यांच्या नावावर. बी राखते आजी, तेव्हा रकान्यात आजीच यायला हवी. पुढे वाण वेगळा ठरला तर 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली तो शेतकऱ्यांचा वाण म्हणून नोंदवता येतो आणि शेतकऱ्याला नोंदणीशुल्क नाही. अर्ज करताना मूळ पत्रिका पुरावा म्हणून उपयोगी पडते, म्हणून तिची एक प्रत आजीच्या घरी ठेवून या. आणि चाचणीतले बी हाती आले की त्यातले पावशेर तिला परत द्या, पिशवीवर क्रमांक आणि साल लिहून.